हवेतली कात्री

गल्लीच्या तोंडाशी ज्याचं केस कापायचं दुकान, त्या न्हाव्याला सगळे 'रेडिओ' म्हणत. ते काही उगाच नव्हे. दुकानाचं दार उघडलं की याचं तोंड सुरू, आणि तोंडाच्या दुप्पट वेगानं कात्री. दोन कापांच्या मध्ये केस नसले तरी हवेत कचकच चालूच. बायको म्हणायची, यांची बोटं झोपेतही थांबत नाहीत, शेजारी निजायचं तर वेणी सांभाळून निजावं लागतं.

अशा माणसाचा नेमका उजवा खांदा धरला. आधी कुरकुर, मग ठणका, आणि एके दिवशी गिऱ्हाइकाचं डोकं अर्धं कापून झालं असताना हात वर जाईचना. ते बिचारं टोपी घालून घरी गेलं.

मग काय, खुर्चीत बसणारा जो तो डॉक्टर. कुणी म्हणे तेल चोळ, कुणी म्हणे शेक घे. एका शहाण्यानं तर सांगितलं, "आतली दोरी तुटली असणार. माझ्या साडूची तुटली होती. त्याचा हात पुन्हा कानाच्या वर गेला नाही." झालं, रेडिओ तेवढंच धरून बसला. न्हाव्याचा हात कानाच्या वर जायचा नसेल तर त्यानं करायचं काय, लोकांच्या पायाची नखं कापायची?

"एक्स-रेत हाड दिसतं, स्नायूची दोरी नाही. एमआरआय काढू," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा त्याचं तोंड उतरलं. मोठ्या इस्पितळातलं ते भुयारासारखं मशीन म्हणजे खिशाला भोक, हे त्याला ठाऊक होतं. पण बाईंकडे आता छोटं मशीन आलं होतं. कमी ताकदीच्या चुंबकाचं, बाजूंनी उघडं आणि त्याच्या ऐपतीतलं.

"चित्र जरा धूसर येतं. बारीकशी चीर कदाचित सुटेल, पण दोरी तुटलीच असेल तर लपायची नाही," बाई म्हणाल्या. "वेळ मात्र जास्त लागतो, आणि तेवढा वेळ हलायचं नाही."

"बाई, हलू नका हे तर मी जन्मभर लोकांना सांगत आलोय."

मशीन ठकठक करू लागलं. पठ्ठ्यानं तोंड गच्च मिटून घेतलं. तरी चित्र आलं ते सगळं फिसकटलेलं. पुन्हा काढलं, पुन्हा तेच. शेवटी मशीन चालवणारी मुलगी आत आली.

"काका, बोटं."

रेडिओनं मान कलती करून पाहिलं. मशीनच्या ठेक्यावर त्याची दोन बोटं खुशाल कात्री चालवत होती.

आता याला आवरणार कोण? बाहेर बसलेल्या बायकोला बोलावलं. अंगावरचं धातूचं सगळं काढायला लावून तिला त्याच्याजवळ लाकडी स्टुलावर बसवलं. तिनं ती दोन बोटं मुठीत घट्ट धरली.

"आता हलवून दाखवा," ती म्हणाली. मग हळूच, "किती गार पडलीत हो. घरी तर मशीनची थट्टा करत होतात."

आपली भीती पकडली गेल्याची त्याला लाज वाटली, पण बोटं सोडवून घ्यावीशी वाटली नाहीत. मशीन ठकठकत राहिलं.

बाईंनी चित्र पडद्यावर मोठं करून नीट पाहिलं. "दोरी तुटलेली दिसत नाही. सुजलीय, आणि खांदा आखडलाय. रोज व्यायाम करायचा, घाई करायची नाही. हात जाईल वर."

"कानाच्या वर?"

"कानाच्या वर."

रेडिओनं बोलायला तोंड उघडलं, ते तसंच उघडं राहिलं. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला झालं. गल्लीनं कधी ऐकली नसेल अशी शांतता त्या खोलीत पसरली.

"बंद पडला आमचा रेडिओ," बायको डोळे पुसत बाईंना म्हणाली. त्याची बोटं अजून आपल्याच मुठीत आहेत हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिनं मूठ उघडली.

"घ्या, चालवा आता."

आणि तिच्या तळहातावरच त्याची कात्री सुरू झाली.