जुजेचा इनास

इनास मागवाला एका जागी स्वस्थ बसलाय, असं दृश्य ठाण्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. जेवण तो निम्मं उभ्यानेच उरकायचा. देवळात उपदेश लांबला की हळूच बाहेर पडून तळ्याकाठी एक फेरी मारून यायचा. मिलच्या साचाखात्यात स्वतःचे साचे, म्हणजे यंत्रमाग, सांभाळून शेजारच्याचा तुटलेला धागाही हाच सांधून द्यायचा, आणि वर त्याला चार शब्द ऐकवायचा. वय छप्पन्न, अंग काटकुळं, नजर सतत काहीतरी हरवल्यासारखी. अशा माणसाच्या घरात १९५१ च्या नोव्हेंबरात नातू जन्मला, आणि मुळातच चंचल असलेला हा गृहस्थ पार बिथरून गेला.

आनंदाने नव्हे. नावावरून.

इनासची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ठाण्याची, ख्रिस्ती, आणि चर्चला देऊळच म्हणणारी. एकेकाळी त्यांच्या आळीत घरोघरी रेशमाचे माग होते. आडनाव कुठल्याशा पोर्तुगीज पाद्र्याने दिलेलं, तेही अर्ध्या गावाला सारखंच. म्हणून लोक ह्याला मागवाला म्हणत, जरी शेवटचा माग त्याच्या आजोबाबरोबर गेला होता आणि हा स्वतः मिलमध्ये होता. घरात थोरल्या मुलाला आजोबाचं नाव मिळायचं. इनासचा जुजे, जुजेचा इनास. इनासच्या बापाचं नाव जुजे आणि मुलाचंही जुजे. हा मुलगा कल्याणच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होता. जुजेला पहिला मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव अर्थातच इनास पडलं, आणि म्हातारा महिनाभर जमिनीवरून दोन बोटं उंच चालला. अडीच वर्षांचा असताना, मागच्या पावसाळ्यात, घटसर्पाने चार दिवसांत ते पोर गेलं.

आता दुसरा मुलगा. आळीची रीत अशी की गेलेल्या पोराचं नाव पुढच्याला द्यायचं. ह्याला नाव फिरवणं म्हणत. एकदा नाव फिरवलं की पहिल्याचं नाव काढायचं नाही, त्याच्या नावाची मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, सांगायची नाही, आईने डोळ्यांतून टिपूस काढायचा नाही. पोर परत आलंय ना, मग रडतेस कुणासाठी, असा म्हाताऱ्या बायकांचा हिशेब.

इनासची सून फिलू ही माजिवड्याची. आवाज कधी न चढवणारी, पण एकदा नाही म्हटलं की पुढे बोलणंच खुंटलं. बाळ पाच दिवसांचं असताना इनासने उंबऱ्यात उभं राहूनच सांगितलं, "येत्या रविवारी बाप्तिस्मा. नाव इनास."

"नाय, बाबा," फिलू म्हणाली. "त्याचं नाव सालू."

"सालू कोण? आपल्या घरात सालू कुठून आयला?"

"आता येईल. इनास एक झाला. त्यो तिथं मातीत हाय. मी जिवंत हाय तवर त्याच्या नावाची मिस्सा व्हणार. ह्याला इनास बोलाल, तर त्यो कुठं जाईल?"

"अगं, धागा तुटला की नवा धागा सांधतात. कापड थांबत नाय."

"पोर म्हंजे धागा नाय, बाबा."

इनासने मुलाकडे पाहिलं. जुजे दोन्ही डगरींवर हात ठेवून असायचा. तो बाळाच्या दुपट्याची घडी नीट करत बसला. इनासचा पारा चढला. ही आमची रीत आहे, रेशमाच्या काळापासूनची, वगैरे त्याने बरंच ऐकवलं. फिलू नन्सच्या शाळेत सातवी झालेली. ती शांतपणे म्हणाली, "म्हाताऱ्या बोलतात म्हणून रीत. लिहिलेली कुठं हाय?"

"लिहिलेली हाय," इनास म्हणाला. "देवळात."

खरं तर त्याला काही ठाऊक नव्हतं. पण शब्द गेला होता, आणि बाप्तिस्म्याला एकच आठवडा होता. देवळात मुलाचं नाव घरातल्या वडीलधाऱ्याने उच्चारायचं असतं, तेव्हा तो मनात आणता तर कुणालाही न विचारता रविवारी इनास म्हणून मोकळा झाला असता. पण ह्या मुलीने तोंडावर नाही म्हणावं, हे त्याला डाचत होतं. तिने मान्य करायला हवं होतं. नुसतं गप्प बसणं पुरेसं नव्हतं.

त्या आठवड्यात त्याची दुसरी पाळी होती, म्हणून सकाळ मोकळी. सोमवारी मिस्सा संपताच त्याने फादरला गाठलं. फादरला पोर्तुगीज येत नव्हतं आणि सवडही नव्हती. त्यांनी जुन्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कैतान मास्तरांच्या हाती दिली. मास्तर मूळ गोव्याचे, देवळात व्हायोलिन वाजवायचे आणि पोरांना गाणी शिकवायचे. वय सत्तर, स्वभाव तिखट.

"कुणाला शोधायचं?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्या आजोबाला. इनास, जुजेचा मुलगा."

"अशी शंभर असतील. काम काय करत होता?"

"रेशीम विणायचा."

बाप्तिस्म्यांच्या नोंदींची पुस्तकं चामड्यात बांधलेली, वाळवीने कडा खाल्लेली. मास्तर भिंग लावून वाचत आणि इनास खोलीत खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घाली. दोनदा मास्तरांनी त्याला सावली पाडू नकोस म्हणून दटावलं. अखेर १८३८ सालच्या पानावर बोट थांबलं. इनास, जुजेचा मुलगा, बाप तेसेलांव. "तेसेलांव म्हणजे विणकर," मास्तर म्हणाले. "धर्मबापही विणकरच."

इनासने ते अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याला पोर्तुगीज येत नव्हतं, पण इनास, जुजे आणि तेसेलांव ह्या तीन शब्दांची वळणं त्याने डोळ्यांत साठवून घेतली. मिलमध्ये त्याला गेली तीस वर्षं फक्त नंबर होता. इथे त्याच्या पणजोबाच्या नावापुढे कुणीतरी चांगल्या शाईने विणकर म्हणून लिहिलं होतं. त्याची छाती भरून आली, आणि ते लपवायला तो उगाच खिडकी उघडायला गेला.

तेवढ्यावर थांबला असता तर तो इनास कसला. मंगळवारी त्याने मर्तिकाचं पुस्तकही काढायला लावलं. आजोबा कधी गेला ती तारीख हवी होती. मास्तर पानं उलटत होते, आणि इनास त्यांच्या खांद्यावरून बघत होता. मधेच त्याला ओळखीची वळणं दिसली.

"हे काय लिवलंय?"

मास्तरांनी वाचलं. इनास, जुजे विणकराचा मुलगा, वय वर्षं चार. पुरला १८४२ साली.

इनासने मास्तरांना ती ओळ पुन्हा वाचायला लावली. चार वर्षांचा असताना आजोबा मेला असेल, तर मग ज्याच्या मांडीवर बसून त्याने रेशमाच्या कांड्या भरल्या, तो म्हातारा कोण होता? कुठून उचलून आणलेला? आणि मग आपण कोण? त्या दिवशी मिलमध्ये त्याच्या साच्यावरचं कापड दोनदा सदोष निघालं. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. मुकादमाने नुसतं कापडाकडे बोट दाखवलं, आणि इनासने मान खाली घातली.

बुधवारी मास्तर त्याच्यावरच उखडले. "अरे, तू विणकर आहेस ना? एक धागा तुटला म्हणून ताणा टाकून देतोस? पुढची पानं बघायला नकोत?" पुढे, १८४४ सालात, सरळ लिहिलेलं होतं. इनास, जुजे विणकराचा मुलगा. आई तीच, घर तेच. आजोबा हा होता. त्या घरातलं पहिलं पोर गेलं होतं आणि नाव दुसऱ्यावर फिरलं होतं.

इनासला नाचावंसं वाटलं. हेच तर हवं होतं. तो जवळजवळ धावतच घरी गेला. फिलू बाळाला तेल लावत होती.

"हे घे तुझं लिहिलेलं," तो म्हणाला. "माझ्या आजोबाचं नावपण फिरवलेलं. शंभर वर्षांची रीत. पुस्तकात हाय."

फिलूने हात पुसले. "पहिला कितीचा होऊन गेला?"

"चार वर्षांचा."

"चार." तिने बाळावर दुपटं ओढलं. "चार वर्षांचं पोर सगळं बोलतं, बाबा. मग त्याच्याबद्दल तुमच्या घरात काय सांगतात?"

असा कुणी होता हेच इनासला कालपर्यंत ठाऊक नव्हतं. आजोबाच्या तोंडून त्याने कधी अवाक्षर ऐकलं नव्हतं.

"म्हणूनच मी नाय बोलते," फिलू म्हणाली, आणि पुन्हा तेलाच्या वाटीकडे वळली.

जिंकून आलेला माणूस हात हलवत बाहेर पडला. तळ्याला दोन फेऱ्या मारूनही त्याचं डोकं शांत होईना. त्याने ठरवलं, सगळी साखळी कागदावर उतरवून घ्यायची, फादरचा शिक्का मारून आणायची, आणि तिच्यापुढे ठेवायची. मग बघू काय बोलते.

शनिवारी सकाळी मास्तर कागद घेऊन बसले. पणजोबा झाले, आजोबा झाला, बाप झाला. "आता तू," मास्तर म्हणाले. "साल?"

"पंच्याण्णव."

मास्तरांनी पुस्तक उघडलं, पण पाच वर्षं मागून सुरुवात केली, कारण पानं सुटी झाली होती. १८९० मध्येच त्यांचं बोट अडलं. इनास, जुजेचा मुलगा, आई आना.

"तू नव्वद सालचा आहेस," मास्तर म्हणाले. "एकसष्ट वर्षांचा. मिलवाल्यांना कळलं तर उद्याच घरी बसवतील."

इनास हसला. त्याला खरंच वाटलं की आईने साल चुकीचं सांगितलं असावं. पण मास्तर पानं पुढे घेत गेले, आणि पंच्याण्णव सालात तोच मजकूर पुन्हा आला. इनास, जुजेचा मुलगा, आई आना. आता मास्तर हसले नाहीत. त्यांनी मर्तिकाचं पुस्तक ओढलं, मग थांबून ते इनासकडेच सरकवलं.

इनासने स्वतः पानं उलटली. इनास आणि जुजे हे शब्द त्याला आता वाचता येत होते. १८९३ च्या जुलैत ते दिसले. वयाचा आकडाही वाचता येत होता. तीन.

तो खुर्चीवर बसला. आपलं नाव मेलेल्यांच्या पुस्तकात आहे, आणि ते आपण जन्मायच्या दोन वर्षं आधी लिहिलेलं आहे, हे समजून घ्यायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याला आई आठवली. आना एकोणीसशे तीस सालापर्यंत जगली. साऱ्या जन्मात तिने त्याला कधी इनास म्हणून हाक मारली नाही. पोरा म्हणायची. जेवायला ये पोरा, मिलमधून लवकर ये पोरा. लग्न होऊन त्याला मूल झालं तरी पोराच. आळीतले चिडवायचे, आणि त्याला वाटायचं, लाडाने म्हणते. आता त्याला कळलं की ते नाव तिने दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलं होतं आणि ते तोंडातून काढायची तिला सोय नव्हती. पस्तीस वर्षं ती गप्प राहिली, आणि तो तिच्यासमोर, तेच नाव घेऊन, घरभर हुंदडत होता. त्याला आईची दया आली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. गेले पाच दिवस तो ह्याच गोष्टीचा पुरावा मिळवायला धडपडत होता.

"शिक्का मारून आणू?" मास्तरांनी विचारलं.

"नको," इनास म्हणाला. कागद त्याने तिथेच ठेवला.

घरी त्याने कुणाला काही सांगितलं नाही. कसं सांगायचं ते त्याला सुचलं नाही. फिलूने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, बाबा आता इनासच म्हणणार. तिने बाळाला उचलून छातीशी धरलं आणि आतल्या खोलीत गेली.

रविवारी देवळात आळीतले सगळे जमले. बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी जुजे आणि फिलू, शेजारी धर्मबाप, आणि पुढे इनास. फिलूची नजर जमिनीवर होती. तिने भांडण केलं नव्हतं, कारण देवळात कुणी भांडत नाही.

"मुलाचं नाव?" फादरने विचारलं.

"सालू," इनास म्हणाला.

मागच्या बाकावर म्हाताऱ्यांची कुजबुज सुरू झाली. फिलूने एकदम वर पाहिलं. फादरने पाणी घातलं, बाळाने टाहो फोडला, आणि विधी पार पडला. फादर पुस्तकात नोंद करायला वळले तेव्हा इनास त्यांच्या मागोमाग गेला.

"फादर, मिस्सा सांगायची हाय. नावं लिवून घ्या."

"सांग."

"इनास, जुजेचा मुलगा. इनास, जुजेचा मुलगा. आणि इनास, जुजेचा मुलगा."

फादरची लेखणी थांबली. "एकच नाव तीनदा कशाला?"

"तीन पोरं हायत, फादर," इनास म्हणाला. "एक चार वर्षांचा, एक तीनचा, आणि एक अडीच. अडीचवाला हिचा."

फिलूने बाळ जुजेच्या हातात दिलं. मग ती कुंडाचा काठ धरून, सगळ्या आळीदेखत, मोठ्याने रडली, आणि तिला कुणी गप्प बस म्हटलं नाही.