स्वस्त दाराची गाडी

आमचे हे विमा कंपनीचे सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसान किती ते सांगायचं, यातच यांचा जन्म गेला. त्यामुळे आम्ही शोरूममध्ये गेलो, तेव्हा यांना एकही गाडी धड दिसेना. सेल्समन बिचारा सीट किती मऊ आहे ते दाखवत होता आणि हे बंपरवर टकटक करून विचारत होते, "हेडलाइट फुटला तर केवढ्याला पडेल?" लेकीला लाल गाडी हवी होती, मला मागे ऐसपैस जागा. पण आम्हा दोघींना विचारतो कोण! जिचं इंजिन लहान, सुटे भाग कुठेही मिळणारे आणि म्हणून विम्याचा हप्ता सगळ्यात कमी, ती राखाडी डबी घरी आली.

पहिल्या दिवशी मी नटूनथटून यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, "कशी दिसतेय मी?"

यांनी वळून बराच वेळ पाहिलं. या वयात मी चक्क लाजले.

"तुझ्या बाजूनं कोणी ठोकलं ना," हे म्हणाले, "तरी दार अगदी स्वस्तात बदलून मिळतं."

दाराला टेकले होते, ती आत सरकून बसले.