मालनवहिनींचं सोडलेलं पान

गुरुवार. सकाळी वाती वळायला घेतल्या त्या अर्ध्याच झाल्या. कापूस ताटलीत तसाच आहे. मालनवहिनींचं लिहिल्याशिवाय आज हात चालायचा नाही.

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत वहिनींची खोली आमच्या लगतची. माहेर सावंतवाडीकडचं. लग्न होऊन आल्या त्या थेट सासूच्या खाणावळीत. गिरणीतले पस्तीस गडी दोन पाळ्यांत जेवायचे. कुणाला आमटी तिखट, कुणाला भात कमी, घाई मात्र सगळ्यांनाच. पुढे गिरणी गेली, खाणावळ गेली, मग त्यांचे यजमानही गेले. मूलबाळ नाही. पुतण्या धनेश तेवढा त्यांच्या हातचं खाऊन मोठा झाला, तो आता शिवडीला गोदामात आहे.

त्या खाणावळीतच वहिनींनी चातुर्मासात मौनानं जेवायचा नेम धरला. "गो सुमेधा, दिवसभर लोकांचा ऐकायचा," त्या म्हणायच्या, "चार घास तरी देवाबरोबर खावया." नेम कडक, अजूनही दर चातुर्मासात पाळतात. मध्ये एक शब्द निघाला की पान सोडायचं, मग पोटात कितीही भूक असो.

शनिवारी त्यांना पित्ताच्या खड्यांसाठी हॉस्पिटलात ठेवलं. ऑपरेशन शुक्रवारी, पण प्रेशर उतरलं तरच. नाही तर घरी पाठवणार आणि दिवाळीनंतर नवी तारीख. दुखायला लागलं की वहिनी दाराची कडी घट्ट धरून बसतात, ते मी पाहिलंय. दिवाळीपर्यंत त्यांनी काय कडी धरून बसायचं?

मी रोज बाराला डबा घेऊन जाते. शेजारच्या खाटेवर माझगावची बेबी. पाय मोडलाय, आवाज धडधाकट. मोबाइलवर सकाळपासून मालिका, तीही सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. भेटायला पाच-पाच माणसं येतात. दोघं वहिनींच्या पायाशी बसतात, डबे वहिनींच्या कपाटावर उघडतात. मी रामरक्षा म्हणायला बसले तर माझी मलाच ऐकू येईना.

सोमवारी मी म्हटलं, "ताई, जरा हळू लावता का? यांना झोप लागत नाही."

"अहो, सगळ्यांचाच टाइमपास होतो. आणि तुमच्या आजींना काय त्रास? त्या तर तोंडच उघडत नाहीत." मग बहिणीकडे वळून, "जेवताना बघ हां त्यांना. जसं काय आपण त्यांच्या घरात घुसलोय."

वहिनी भाताकडे बघत जेवत राहिल्या. प्रेशर चढतच होतं. मला वाटायचं, हे सगळं त्या आवाजानं.

मंगळवारी खरं काय ते कळलं. वहिनींचं जेवण चालू होतं. सिस्टरनं कागदी कपात प्रेशरची गोळी आणून कपाटावर ठेवली, "आजी, जेवल्यावर घ्या," म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. बेबीच्या बहिणीनं स्वतःचं जेवण आटोपलं, खाली पसरलेलं वर्तमानपत्र गोळा केलं आणि त्यात तो कपही गुंडाळला. वहिनींनी हात वर केला.

"नको नको मावशी, आमचं झालं जेवण," ती म्हणाली आणि पुडकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

वहिनींच्या हातातला घास तसाच राहिला. मग त्या बोलल्या, आणि काय बोलल्या! खाणावळीत पस्तीस जणांना ऐकू जाईल असा आवाज.

"माझी गोळी खंय टाकलंस?"

बेबीनं मोबाइल बंद केला. "अगंबाई, यांना बोलता येतं!"

वहिनींनी ताट पुढे सरकवलं. अर्धा भात तसाच होता. बेबीला मी मौनाचं सांगितलं, तेव्हा ती खाली बघून म्हणाली, "मला वाटलं, गर्विष्ठ आहेत."

"किती दिवस असं चाललंय?" मी वहिनींना विचारलं.

"रविवारपासून."

"मग जेवण झाल्यावर सांगायचं नाही का सिस्टरला? कपाटावर कप दिसला नाही की ती गोळी घेतली म्हणून लिहून मोकळी होते."

"सांगितलंय तर भांडाण. त्यांच्याकडे पाच माणसा. माझ्याकडे कोण?"

मी तिथेच उभी होते. एक तासासाठी डबा घेऊन येणारी मी, उरलेले तेवीस तास त्यांचे एकटीचे.

तेव्हापासून सिस्टर गोळी हातात देते आणि गिळेपर्यंत उभी राहते. बेबी वहिनींच्या जेवणाच्या वेळी मोबाइल उशीखाली घालते, तिची माणसं बाहेर थांबतात. वहिनींच्या खाटेवर आता कुणी बसत नाही. काल म्हणाल्या, "आता अगदीच सुना वाटता गो."

आज बाराला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, प्रेशर उतरलंय, उद्या ऑपरेशन करू. मग सिस्टर फॉर्म घेऊन आली.

"सही करा. तुम्ही कोण यांच्या?"

"शेजारीण."

"शेजारीण नाही चालणार. घरचं कोण आहे?"

वहिनी खिडकीकडे बघत म्हणाल्या, "धनेशाक त्रास नको. तो कामात असता."

मी त्याला तीनदा फोन लावला, उचलला नाही. पाचच्या आत सही झाली नाही तर उद्याची पाळी दुसऱ्या पेशंटला जाईल. गोदाम जेवणाच्या सुट्टीनंतर अडीचला उघडतं, म्हणून तोवर घरी आले. आता दोन वाजलेत.

शिवडीला जाऊन धनेशला हॉस्पिटलात घेऊन यायचं आहे.