वाटीवरचा आईचा अंगठा

आज सकाळी भट्टी उघडली आणि तेव्हापासून मी हरवल्यासारखी आहे. कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

तीन आठवड्यांपूर्वी आई माझ्या मनीषनगरच्या घरी राहायला आली. पहिल्याच दिवशी तिनं चाकावरून नुकतीच उतरवलेली ओली वाटी अंगठ्यानं दाबून पाहिली, कणकेचा गोळा दाबतात तशी.

"काहून हात लावला वं आई? बिघडवली ना." मी ओरडलेच.

"मुरली का ते पाहून राहिली होती," ती म्हणाली. त्यानंतर ती कामाच्या खोलीत आलीच नाही. चहालासुद्धा दारातूनच हाक मारायची.

तो खड्डा मी आतून बोटानं उचलून सपाट केला. वाटी सुकली तेव्हा काहीच दिसत नव्हतं.

पण माती दाबलेलं विसरत नाही. आज वाटी भट्टीतून निघाली ती कोमट, ढगाच्या रंगाची, आणि तिच्या पोटावर तोच खड्डा परत उमटलेला. इतकी वर्षं मातीत हात आहेत, तरी मातीपुढे माझं चालत नाही. किती वेळ ती वाटी धरून बसले, कोण जाणे.

मग आईला आत बोलावलं. तिनं खड्ड्यात अंगठा ठेवला, पण तो मावेना. भाजताना माती आकसते.

"लहान झालं वं हे," ती म्हणाली.

मी माझा अंगठा ठेवला. बरोबर बसला.

आई वाटी घेऊन गेली आणि तिच्यात दही लावलं.

तुम्ही रागात सपाट केलेलं असं काही परत आलंय का तुमच्याकडे?