एकच पाटली

माझी थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, जळगावात मेहरूणला राहते. सोन्याच्या गावात राहून आपलेच हात रिकामे, ही तिची जुनी तक्रार. मागच्या वर्षी केळीचे पैसे हातात आले आणि पाटल्यांची जोडी करायचं ठरलं. दाजी म्हणाले, "थांब जरासा, भाव उतरी."

तेवढ्यात तिकडे परदेशात लढाई पेटली आणि भाव चढला. दाजी म्हणाले, लढाई मिटू दे. ती मिटायच्या आत अमेरिकेनं बाहेरच्या मालावर कर वाढवला, भाव आणखी चढला. सुरतेच्या पलीकडे कधी न गेलेले दाजी आता डॉलरवर बोलू लागले. मी धुळ्याहून अक्काची खुशाली विचारायला फोन करायचो आणि दाजींकडून तेलाचं राजकारण ऐकायचो. डोकं उठायचं नुसतं! एकदा युद्धबंदी झाली, भाव खरंच घसरला. अक्कानं चपलासुद्धा घातल्या. दाजी सोफ्यावरून म्हणाले, "आजून उतरी." त्याच आठवड्यात तो परत चढला.

शेवटी दिवाळीत दोघं सराफाकडे गेले, तेव्हा जोडीच्या पैशांत एकच पाटली आली.

एका हातात पाटली कोण घालतं? अक्का घालते. परवा माझ्या मुलीच्या साखरपुड्यात एका बाईनं तिला विचारलंच, "अक्का, दुसरी कोठे शे?"

अक्का दाजींकडे बघत, रिकामा हात वर करून, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ती लढाईमा गयी!"