पाटी लावायची नाय

महाडच्या बाजारातल्या त्या दुकानाची आठवण आली की आधी दिसतं ते ऊन. दारावरच्या कोरीव जाळीतून ते आत येई आणि कापडावर नसलेली वेलबुट्टी उमटवी. दुपारी यजमानांचं शिवणाचं मशीन चाले, सावित्री नदीवरून नावाड्यांची हाक येई आणि काजं करता करता माझी सुई आपोआप थांबे. मी तशी थांबणारी बाई नव्हे. उठल्याबरोबर दिवसाची कामं ओळीने मनात मांडायची माझी सवय. पण त्या इमारतीत ओळी विरघळून जात.

इमारत फार जुनी. दाराच्या माथ्यावर मोडी अक्षरांची शिळा होती. पावसांनी अक्षरं इतकी गुळगुळीत केली होती की ती डोळ्यांपेक्षा बोटांनाच लवकर कळत. यजमान मुंबईच्या गिरणीतून खोकला घेऊन परतले होते. शिवणकाम येत होतं, म्हणून हे दुकान. दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर पुन्हा गिरणी, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या कापसाच्या धुळीत ते पुन्हा गेले तर माघारी येतील ते कसे, हे मला विचारवत नव्हतं. त्यामुळे माझं पहिलं काम एकच: गिऱ्हाईक.

पाटी रंगवून तयार झाली. 'येथे कपडे शिवून मिळतील.' आम्ही शिडी टेकवली, तोच म्युनिसिपालटीचे कारकून समोर उभे.

"वहिनी, खिळा नको. जुन्या इमारतींचा नियम झालाय. कोरीव लाकडाला भोक पाडायचं नाही, शिळा झाकायची नाही आणि परवानगीवाचून पाटी लावायची नाही."

"मग लोकांना कळायचं कसं?"

"तुमचं मशीन काय कमी ओरडतं? अर्ज द्या, बघू."

अर्ज लगेच दिला. नियम मला पटला होता; ती शिळा मीही झाकू दिली नसती. पण दुकान रिकामं ते रिकामंच.

दोन दिवसांनी शिपायाने दवंडी पिटली, "जुन्या इमारतींम्होरं पाटी लावायची नाय होऽ!" दुसऱ्या सकाळी बाजारात चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. पलीकडच्या जुन्या देवडीपुढे नात्याची एक म्हातारी भाजी विकायला बसे, ती दिसेना. शोधत गेले, तर नदीच्या वाटेवर, उन्हात, मांडीशी भाजीची पाटी धरून बसलेली.

"मावशी, इथे कोण येणार भाजीला?"

"काय करू गो बाय? दवंडी ऐकली नाय? पाटी लावायची नाय. हुकूम हाय."

मला हसू आवरेना. "अहो, ती नावाची पाटी! लाकडाची!"

"नावाची? नाव काय पाटीत घालून इकतात?"

"आम्ही विकणार होतो."

"मंग काय भाव गो तुझ्या नावाचा?" ती म्हणाली आणि दोघी वाटेतच हसत सुटलो.

मी तिची पाटी उचलली आणि थेट आमच्या पायरीवर, शिळेखाली आणून ठेवली. कारकून येताजाता बघत. वेताच्या पाटीला खिळा लागत नव्हता, शिळाही झाकत नव्हती. ते मान हलवून पुढे जात.

भाजीला बायका येत. मेथी निवडता निवडता म्हातारी आतल्या मशीनकडे मान वळवी. "ममईत शिकलाय. पोलकं बघ कसं बसतंय." मग चोळखण येऊ लागले, पोरांची आंगडी, एका लग्नाचे सगळे कपडे. पोलादपूरकडच्या बायकाही विचारत येत, "पाटीपाशी शिवतात ते हेच का?"

दिवाळीला यजमान मशीनवरच होते. खोकला होता, पण धूळ नव्हती.

परवानगी आली ती त्यानंतर. शिळेखाली, पायरीवर, खांबाला टेकून पाटी उभी करावी. यजमानांनी रंगवलेली पाटी बाहेर काढली, पुसली. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या जागेकडे.

"आन् मी कुठं बसू?"

यजमानांनी पाटी परत आत नेली. पुढे कितीतरी वर्षं ती कापड बेतायला वापरली. दुपारी जाळीतलं ऊन तिच्यावर सरकत येई, 'येथे' या अक्षरांवर जरा थांबे, आणि बाहेर म्हातारी कुणाला तरी सांगत असे, "हाय, हितंच हाय."