परबतात्या आणि इकबालभाईंचे मटण

चांगले मटण पोटात गेले की बिघडलेले मन ताळ्यावर येते, या कथेची उपनगरांत बरीच रूपे सापडतात. घाटकोपरच्या रूपात रुसलेली सासू बोलू लागते. बोरिवलीच्या रूपात नापास झालेला मुलगा पायासूप पिऊन अंथरुणातून उठतो. मुलुंडचे रूप मी इकबालभाईंच्या दुकानासमोर, रविवारच्या रांगेत, प्रत्यक्ष पाहिले. अशा रांगेत किस्से आपोआप साठत जातात!

* * *

इकबालभाई आधी "किती?" विचारत नाहीत, "कोणासाठी?" विचारतात. बाळंतिणीला कलेजी, परीक्षेच्या मुलाला चाप. एका बँकवाल्याची बदली झाली, तर म्हणाले, "खिमा न्या साहेब. दातओठ खाऊन दमला असाल, वर अजून चावायचा ताप कशाला!"

* * *

एकदा रांगेत सुजाता दिसली. तिचे वडील परबतात्या म्हणजे या रांगेचे तीस वर्षांचे जुने मानकरी. पत्नी गेल्यापासून ते घराबाहेरच पडत नव्हते.

"पप्पा दिवसभर बंद टीव्हीकडे बघत बसतात हो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. म्हणाले, नीट जेवा, माणसांत जा. पण ते वरणभातावरच आहेत."

मग कोणता तुकडा द्यावा यावर सर्वांनी वाद घातला आणि इकबालभाईंनी मांडीचा उत्तम भाग कापला. इतक्यात सुजाताने कपाळावर हात मारला.

"वाट लागली! आज संकष्टी! आईची संकष्टी आता पप्पा करतात."

मागून सावंतकाकू म्हणाल्या, "चंद्र दिसल्यावर चालेल ना गं?"

"काकू, उपास मोदकाने सोडतात, मटणाने नाही!"

* * *

पुढच्या रविवारी मांडीचे मटण घरी पोचले. तात्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाले, "बरं आहे."

हे दुकानात येऊन सांगताना सुजाताला रडू आले. ज्या माणसाने लेकीच्या लग्नातल्या मटणालाही नावे ठेवली, त्याने "बरं आहे" म्हणावे!

इकबालभाईंनी सुरा पुसला. "बरं आहे म्हणाले? मग केस सीरियस आहे."

* * *

त्यापुढच्या रविवारी सुजाताच्या पिशवीत जून, चिवट मटण गेले. ते चुकून गेले की मुद्दाम, याबाबत रांगेत आजही पाठभेद आहेत.

साडेबाराला घरच्या बनियनवर, हातात स्टीलचा डबा घेऊन तात्या दुकानासमोर उभे!

"इकबाल! आठ शिट्ट्या झाल्या! मटण हा काय टायर?"

"तात्या, नजर कमजोर झाली माझी."

"नजर नाय, लाज! माझ्या पोरीक फसवतंस? काप दुसरा, माझ्यासमोर!"

"कापतो. पण लाइन मागून आहे."

तात्या रांगेच्या शेवटी गेले. सावंतकाकूंशी भांडले, मग माझ्याशी. नंबर आल्यावर तीन तुकडे नाकारून चौथा घेतला आणि घरी जाऊन वाटण स्वतः केले. त्या दुपारी ते तीन वाट्या रस्सा प्यायले आणि पाच वाजेपर्यंत घोरत झोपले.